पिरेयसच्या धक्क्यावर गजराबाई

गजराबाईंचा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, कुठं तरी भांडण जुंपलंय. भांडण वगैरे काही नसतं. आमच्या तेर गावच्या बाजारात मेथी विकायला बसलेली बाई गिऱ्हाइकाला बोलावत असते, एवढंच. ती हाक पार एसटीपर्यंत जाते. धाराशिवच्या गाडीत बसलेल्या दोन बाया पिशवी घेऊन पुन्हा खाली उतरतात आणि कंडक्टर गजराबाईंच्या नावानं बोटं मोडतो. बत्तीस वर्षं झाली, बाईंची जागा बदललेली नाही. नवरा कोंडीराम घरी म्हैस आणि शेरडं सांभाळतो, दिवसाकाठी दहा शब्द बोलतो. बोलण्याचं खातं त्यानं लग्नातच बायकोकडं सोपवलं असावं.

पण नुसत्या मोठ्या आवाजाला कोण विचारतो? खरी गंमत त्या हाकेच्या चालीत आहे. ती आधी वर चढते, मग मधेच थांबते, आणि तुम्ही मान वळवली की खाली उतरून अशी मायेनं बोलायला लागते की जणू तुम्ही गेल्या जन्मी त्यांच्या ओट्यावर जेवून गेलात. मला मेथी आवडत नाही. तरी दर बाजाराला माझ्या पिशवीत मेथी असते आणि घरी बोलणी खावी लागतात.

मी शांतलिंग. त्यांच्या रणधीरचा वर्गमित्र आणि आता इथंच शाळेत मास्तर. गावातले सगळे फॉर्म भरण्याचं काम त्यामुळं माझ्याच गळ्यात पडतं. रणधीरचं एक गुपितही असंच गळ्यात पडलं होतं, आणि ते फॉर्मपेक्षा जड होतं.

रणधीर सोलापुरात हॉटेलचं शिक्षण घेऊन परदेशी जहाजावर गेला. भांडी घासली, कांदे चिरले, हळूहळू वर चढला. मग साथीच्या वर्षात जहाजं बंद पडली आणि हा ग्रीस देशात, पिरेयस नावाच्या बंदरात उतरला तो तिथंच राहिला. गावाला त्यानं कळवलं की मोठ्या हॉटेलात मॅनेजर झालोय. गजराबाईंनी बाजारात पेढे वाटले.

खरं फक्त मला ठाऊक होतं. पिरेयसला ऊन उतरलं की बोटींतून आलेले पाहुणे हिंडायला निघतात. बंदराच्या कडेनं दुकानं उजळतात, हॉटेलवाले पाण्याला लागून टेबलं मांडतात. एकाला लागून एक अशी हॉटेलांची रांगच आहे तिथं. प्रत्येक हॉटेलापुढं एक माणूस मेनूकार्ड घेऊन उभा असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आत बोलावतो. ताजे मासे आहेत, पाण्याजवळचं टेबल आहे, या, बसा, असं दहा भाषांत सांगायचं. शंभरातले नव्वद तोंड फिरवून जातात. रणधीर तो मेनूकार्डवाला होता.

म्हणजे आईच्या ज्या हाकेची त्याला लहानपणी लाज वाटायची, तीच आता तो पोटासाठी मारत होता. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. तोच एकदा फोनवर म्हणाला, आईला कळलं तर मला मेल्याहून मेल्यासारखं होईल. मी शब्द दिला आणि सहा वर्षं गावभर त्याला मॅनेजर म्हणत हिंडलो. मास्तर खोटं बोलला की लोक लवकर विश्वास ठेवतात.

सहा वर्षांत त्याला येणं जमलं नाही. कधी कागदपत्रं अडकली, कधी हंगाम आडवा आला. गेल्या वर्षी गजराबाई माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, त्याला यायला जमंना तर म्या जाते. एकदा त्याचं हॉटेल डोळ्यांनी बघते, तो आत कसा हिंडतो ते बघते, की लगेच माघारी येते. त्यांना दुसरं काही नको होतं.

मी रणधीरला फोन लावला. तो हादरलाच. काहीही करून थांबव म्हणाला. मग मी थांबवायला लागलो. तिथं लई थंडी असते म्हणालो, तर त्या म्हणाल्या, पहाटं चारला मेथी धुती म्या. खायला नुसते मासे म्हणालो, तर भाकरीचं पीठ नेणार होत्या. विमानाची भीती घातली, तर परंड्याच्या रस्त्यावरच्या एसटीपेक्षा वाईट असतंय का, असं मलाच विचारलं. शेवटी मीच त्यांचा व्हिसाचा फॉर्म भरला. कोंडीरामला विचारलं, तर तो एवढंच बोलला की म्हशीला कोण बघंल. त्याचा विषय तिथं संपला.

आमच्या तेरात जमीन उकरली की अजून जुने मणी निघतात. दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल समुद्रापलीकडं त्याच बाजूला जायचा म्हणे. त्यानंतर तिकडं गेला तो रणधीर, आणि त्याच्यामागं आमच्या गजराबाई. पिशवीत बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, आणि कुठं काय दाखवायचं याच्या मी लिहून दिलेल्या चिठ्ठ्या.

पुढचं सगळं मला त्यांनी परत आल्यावर सांगितलं. सांगण्याआधी मला चांगलं फैलावर घेतलं, तेही सांगून टाकतो. सहा वर्षं माझ्या तोंडावर खोटं बोललास, वर माझ्याच हातची मेथी नेलीस, असं म्हणाल्या. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

रणधीर एका वयस्कर बाईंच्या घरात वरच्या खोलीत राहतो. कालिओपी त्यांचं नाव. रणधीरच्या हॉटेलचा मालक थानासिस, त्याची ही थोरली बहीण. पहिल्याच सकाळी कालिओपीबाई वर आल्या, गजराबाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि कौतुकानं म्हणाल्या, टीचर.

हा शब्द गजराबाईंना कळतो. आमच्या शाळेत पोरं दुसरं काय म्हणतात? त्यांनी रणधीरकडं बघितलं. रणधीर खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी आधीच बांधलेली होती.

पोरानं तिथं आपल्याला मास्तरीण करून ठेवलंय, हे त्यांच्या ध्यानात आलं. दुसरी एखादी असती तर रडली असती, नाहीतर पोराचा कान धरला असता. गजराबाईंनी त्या दिवशी दुपारी मला फोन केला आणि दबक्या आवाजात विचारलं, “शांतलिंगा, मास्तरीण बाया बसतेत कशा रं?”

काय झालं असावं ते माझ्या लक्षात आलं. आपली लाज वाटते म्हणून पोरानं आपल्याला पुसून टाकलं, आणि ही बाई त्याचं खोटं उघडं पडू नये म्हणून शिकायला बसली होती. मी सांगितलं, हातात एक पेन ठेवा, चष्मा लावा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हळू बोला. पेन-चष्म्याचं जमंल म्हणाल्या. हळू बोलायचं अवघड हाय म्हणाल्या.

तरी दहा दिवस त्या हळू बोलल्या. माझा विश्वास बसत नाही, पण कालिओपीबाईंनी केलेल्या व्हिडिओत मी स्वतः बघितलंय. खिडकीजवळ बसलेली, नऊवारी नेसलेली, हातात पेन धरलेली एक गरीब स्वभावाची बाई. आमच्या गजराबाई त्या व्हिडिओत मला सापडल्याच नाहीत.

कालिओपीबाईंच्या गल्लीतही आठवड्यातून एकदा भाजीबाजार भरतो. तिथं नेलं तेव्हा तर बाईंची परीक्षाच होती. पालेभाजीवाला पुटपुटल्यासारखी हाक मारत होता, पेंढ्यांवर पाणीसुद्धा शिंपडलेलं नव्हतं. गजराबाईंच्या जिभेवर शब्द आले आणि त्यांनी ते गिळले. पाणी तेवढं शिंपडून आल्या. बाटली त्याचीच उचलली होती.

दिवसा रणधीर मोकळा असायचा. मग मायलेकरं बंदराच्या रस्त्यावर खरेदीला जायची. पाहुण्यांसाठीची दुकानं सगळी, ऑलिव्हच्या तेलाचे साबण, टोप्या, दृष्ट लागू नये म्हणून निळ्या डोळ्याचे मणी. दृष्टीचं ऐकून गजराबाईंना तो देश एकदम शहाणा वाटला. त्यांनी दोन मणी घेतले, एक घराच्या चौकटीला आणि एक म्हशीला.

एका दुकानात पिवळ्या मण्यांच्या माळा टांगलेल्या होत्या. तिथले बाप्ये कॉफी पीत त्या बोटांवर खेळवत बसतात, नुसता वेळ जावा म्हणून. गजराबाईंना ती जपमाळ वाटली. आमच्या गोरोबाकाकांच्या देवळात महारुद्र आबा रोज जपाला बसतात, त्यांना एक न्यावी असं ठरवून त्यांनी मणी मोजले, तर तेवीस. दुसरी मोजली, तीही तेवीस. दुकानदाराला त्यांनी मास्तरिणीच्या हळू आवाजात समजावलं की माळ एकशेआठची असती, तू लोकांना फसवतोस. त्याला काही कळलं नाही. तीन दुकानं हिंडल्या, सगळा बाजारच खोटा निघाला. रणधीर म्हणाला की आई, ही जपाची न्हाय. त्यावर त्या म्हणाल्या, माळ हाय म्हंजी जप आलाच. अखेर त्यांनी पाच माळा घेतल्या, घरी जाऊन एकशेआठ मणी ओवून घ्यायचे आणि उरलेले सात म्हशीच्या पारडीच्या गळ्यात बांधायचे, असा हिशोब करून. रणधीर तेव्हा पोट धरून हसला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा हसला, असं त्या म्हणाल्या.

पण हॉटेल दाखव म्हटलं की तो हसायचा थांबायचा. आज मोठे पाहुणे आहेत, उद्या मालक नाही, परवा रंगाचं काम आहे. संध्याकाळी पाचला पांढरा सदरा घालून जायचा तो मध्यरात्री यायचा. आला की गरम पाणी प्यायचा. गजराबाईंनी ते बघून ठेवलं. बाजार करून आल्यावर त्याही तेच करतात.

दहाव्या दिवशी संध्याकाळी कालिओपीबाई चर्चला गेल्या होत्या. कोंडीरामसाठी काहीच घेतलं नव्हतं, म्हणून गजराबाई एकट्याच टोपी आणायला खाली उतरल्या. रस्ता पायाखालचा झाला होता. दिवसा बघितलेला धक्का संध्याकाळी ओळखू येईना. बोटींवर दिव्यांच्या माळा लागलेल्या, कुठं वाजंत्री चाललेली, उघड्या खांद्यांच्या पोरी आईस्क्रीम खात चाललेल्या, म्हातारी जोडपी हातात हात घालून फिरत होती. येडशीजवळच्या रामलिंगाची जत्राच भरल्यावाणी, असं त्यांनी मला सांगितलं, फक्त पाळणा नव्हता.

टोप्यांच्या गाड्यापाशी त्या उभ्या होत्या आणि मागून हाक आली.

शब्द एकही कळला नाही. पण हाक आधी वर चढली, मधेच थांबली, आणि मग खाली उतरून मायेनं बोलायला लागली. गजराबाईंच्या हातातली टोपी तशीच राहिली. मला म्हणाल्या, “शब्द कुणाचं बी असू देत. चाल माझी हुती.”

त्यांनी वळून बघितलं. एका हॉटेलापुढं, मेनूकार्ड छातीशी धरून, रणधीर उभा होता. समोरून माणसं आली की हाक मारायचा आणि ती जवळ आली की एक पाऊल मागं सरकायचा. एका गोऱ्या माणसानं त्याच्याकडं न बघता, माशी हाकलावी तसा हात हलवला. रणधीर हसला आणि पुढच्याला बोलावू लागला.

मॅनेजर म्हणजे काय ते त्यांना तिथं समजलं. आणि हेही समजलं की आपण आत्ता टोपी न घेता गुपचूप घरी गेलो, तर पोराचं सगळं शाबूत राहील. गावात तो मॅनेजर, इथं आपण मास्तरीण. चार दिवसांनी विमानात बसायचं आणि मरेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही. त्यांनी तसंच ठरवलं. पदर सारखा केला आणि वाटेला लागल्या.

दहाएक पावलं गेल्या असतील, तेवढ्यात मागून पुन्हा हाक आली, आणि या वेळी ती वर चढता चढता फाटली. घसा बसला होता पोराचा. गजराबाई म्हणतात, मी आई म्हणून गेले असते निघून, पण बाजारातली बाई म्हणून मला ते ऐकवेना. त्या माघारी वळल्या आणि सरळ त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

रणधीरचा हात मेनूकार्डासकट खाली आला. तो कसंबसं म्हणाला, “आई, म्या मॅनेजर न्हाय.”

“ते दिसतंय,” त्या म्हणाल्या. “माणूस जवळ आला की मागं का सरकतूस? त्याला वाटतं, ह्यालाच आपल्या मालाची खात्री न्हाय.”

रणधीर तिच्या रडण्याची किंवा ओरडण्याची वाट बघत होता. गजराबाईंनी त्याच्या हातातलं मेनूकार्ड काढून घेतलं आणि म्हणाल्या, घसा सुकलाय, आधी पाणी पिऊन ये. तो मुकाट्यानं आत गेला.

आता हातात मेनूकार्ड, पाठीमागं रिकामी टेबलं आणि समोरून चाललेलं गिऱ्हाईक. दहा दिवस दाबून ठेवलेला आवाज. मला विचाराल तर जे झालं त्यात बाईंचा काही दोष नाही. त्यांनी पाय रोवले आणि तेरच्या बाजारातली हाक पिरेयसच्या धक्क्यावर सोडली. या वं बाई, या वं दादा, बसा, खाऊन तर बघा. पलीकडच्या तीन हॉटेलांचे मेनूकार्डवाले गप्प झाले. बोटीवरच्या एका माणसानं वाकून बघितलं.

तुम्हाला वाटेल, मग गर्दी लोटली. तसं काही झालं नाही. बहुतेक लोक दचकले, काहींनी फोटो काढले आणि गेले. पण कुठल्याशा देशाच्या दोन म्हाताऱ्या बहिणी थांबल्या, एकमेकींकडं बघून हसल्या आणि पाण्याजवळच्या टेबलावर जाऊन बसल्या. गजराबाई एकही पाऊल मागं सरकल्या नव्हत्या.

हाक ऐकून मालक थानासिस हात पुसत बाहेर आला. त्याच्या मागोमाग रणधीर, हातात पाण्याचा ग्लास तसाच.

गजराबाईंनी त्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं, पण नाक बहिणीचंच होतं. मालकाच्या लेखी रणधीरची आई शिकलेली, हळू बोलणारी मास्तरीण होती. त्यांनी पटकन मेनूकार्ड टेबलावर ठेवलं, चार पावलं बाजूला झाल्या आणि बोटी बघायला आलेली कुणी परकी बाई उभी राहते तशा समुद्राकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मनात म्हणत होत्या, रणधीर, सांग ह्याला, कोण हाय कुणास ठाऊक म्हणून सांग. रणधीर मागून बघत होता. त्याला आईची पाठ दिसत होती, आणि ती पाठ काय करतीय ते त्याला कळत होतं.

मालकानं त्याला काहीतरी विचारलं. रणधीरनं ग्लास खाली ठेवला. तो आईजवळ गेला, तिचा हात मनगटाजवळ धरला आणि तिला वळवून मालकापुढं आणून उभं केलं. मग त्यांच्या भाषेत बोलायला लागला. बराच वेळ बोलला. थानासिस आधी कपाळाला आठ्या घालून ऐकत होता, मग त्याच्या आठ्या गेल्या. गजराबाईंना एक शब्द कळत नव्हता. पोराची नोकरी चालली, एवढंच त्यांच्या मनात येत होतं.

“काय म्हणलास त्यांना?” त्यांनी हळूच विचारलं.

“म्हणलं, माझी आई मास्तरीण न्हाय. म्या खोटं बोललो तुमाला. ही आमच्या गावच्या बाजारात भाजी विकती. म्या हितं उभा राहून जे करतो, ते हिच्याकडनं शिकलो. आन् मला अजून हिच्यावाणी जमंना.”

थानासिसनं स्वतः एक खुर्ची ओढून पुढं केली, पुसली, आणि बसा म्हणून हातानं खूण केली. पण बसायचं तर रणधीरचा हात सोडावा लागला असता, म्हणून गजराबाई कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या.